साचणे, साठणे, बसणे, चढणे... 'जमा होणे' सोडून तुम्ही काय काय म्हणता?

कानामात्रा
नमस्कार मंडळी. एका भाषांतरात अडकलेय म्हणून हा धागा काढतेय. घरी ऑक्सिजनचं मशीन वापरणाऱ्या पेशंटसाठीची माहितीपुस्तिका आहे, चाळीसेक पानं, आणि मूळ मजकुरात 'बिल्डअप' हा एकच शब्द अकरा ठिकाणी आलाय. फिल्टरवर धुळीचा बिल्डअप, पाण्याच्या भांड्यात क्षारांचा, नळीत पाण्याचा, छातीत कफाचा, पायांत पाण्याचा, रक्तात कार्बन डायऑक्साइडचा वगैरे वगैरे. माझ्याआधी कोणीतरी एक खर्डा करून ठेवलाय आणि त्या माणसाने (की मशीनने, हल्ली सांगता येत नाही) अकराच्या अकरा ठिकाणी 'जमा होणे' ठोकून दिलंय. "आपल्या छातीत कफ जमा झाल्यास त्वरित संपर्क साधावा." वाचून मला बँकेचा मेसेज आल्यासारखं वाटलं, आता खाली शिल्लक रक्कम पण येणार की काय.

तर मला हळूहळू गोळा होत जाण्याचे शब्द हवेत. शाळेतल्या समूहदर्शक शब्दांची यादी कृपया टाकू नका, धान्याची रास, लाकडांची मोळी, विटांची थप्पी, ते सगळं झालेल्या ढिगाचं नाव आहे. मला ढीग होत असताना काय म्हणायचं ते हवंय.

चकटफू
भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, नोटांची गड्डी. पळतो आता. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या)

खडूफळा
विषय छान. माझ्यापुरतं सांगतो, चाळीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो. साचणे आणि साठणे यात नको असलेलं आणि हवं असलेलं हा फरक आहे. डबक्यात पाणी साचतं, टाकीत साठतं. कचरा साचतो, धान्य साठवतात. साचण्याला कर्ता लागत नाही, आपोआप होतं, कोणाचं लक्ष नसताना होतं. साठवण्याला माणूस लागतो. 'साठवणे' सर्रास म्हणतो पण 'साचवणे' किती वेळा म्हणतो बघा, आणि म्हटलंच तरी त्यात चिडचिड असते, "काय हा पसारा साचवून ठेवलायस".

आडवाट
सर, थेंबे थेंबे तळे साचे चं काय करायचं मग? तिथे तर साचणं चांगलं आहे, बचतीच्या जाहिरातीत वापरतात ती म्हण.

खडूफळा
घ्या. हा प्रश्न दर वर्षी एक पोरगं विचारायचंच. तळं आपलं आपण साचतं, कोणी भरत नाही, म्हणून तिथे साचे. म्हणीत पैसा नाहीये, पैसा आपण आणला. पैशाला आपण 'पै पै साठवली' म्हणतो, 'पै पै साचली' नाही म्हणत. पण कबूल करतो की माझा नको/हवं चा नियम इथे लंगडा पडतो. आपोआप/मुद्दाम हा जास्त टिकतो.

गाळपेर
पाटबंधारेवाला आहे त्यामुळे पाण्याबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क बजावतो. एकच पाऊस, रस्त्यावर पडला की पाणी 'साचतं', गटारात 'तुंबतं' आणि धरणात 'साठतं'. यातला साचणं-तुंबणं फरक लोक विसरतात. उतारच नाही, खोलगट जागा आहे, तिथे साचतं. जायला वाट होती पण ती कशानेतरी बुजली, तिथे तुंबतं. म्हणजे तुंबण्यात कोणाचातरी दोष असतो. बातम्यांत बघा, 'सखल भागात पाणी साचले' म्हटलं की कोणाचीच चूक नाही, जमिनीची चूक. आणि 'मुंबईची तुंबई' असा मथळा आला की समजायचं आज महापालिकेला शिव्या आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा साचलं की तुंबलं हा वाद शब्दांचा नव्हता, नालेसफाईचा होता.

धरणाचं वेगळंच. तिथे साठ्यातही दोन जाती. उपयुक्त साठा आणि मृत साठा. सगळ्यात खालच्या दरवाजाच्याही खाली जे पाणी राहतं, जे आपसूक बाहेर येऊच शकत नाही, तो मृत साठा. उजनीत तो सुमारे ६३ टीएमसी आहे (एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटरच्या आसपास, लोक टीएमसी टीएमसी करतात पण डोळ्यासमोर काही येत नाही म्हणून सांगितलं), त्यामुळे उन्हाळ्यात 'उजनी उणे' अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं नसतं, मृत साठ्यातलं पाणी वापरायला सुरुवात झालेली असते. आणि ती तळातली जागा मुळात कशासाठी धरलेली असते, तर बरीचशी गाळासाठी. गाळ 'साचतो' आणि 'बसतो' दोन्ही म्हणतो आम्ही, पण मोजायला गेलं की साचतो.

गाळाची गंमत म्हणजे २०१७ साली सरकारने योजना आणली तिचं नावच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. तोच गाळ, धरणात असला तर मुक्त करायचा, शेतात पडला तर युक्त. खडूफळा सरांचा हवं/नको एका ओळीत.

पोटमाळा
आयडी बघून कळलंच असेल माझ्या घरी काय काय साचतं ते. मुक्त नाही आणि युक्तही नाही, नुसतंच.

कानामात्रा, तुझ्या फिल्टरला मी तरी 'धूळ बसली' म्हणेन. साचली म्हटलं की मला कोपऱ्यातली धूळ दिसते, केरसुणी न पोचलेली. फिल्टरवर, पंख्यावर, पुस्तकांवर बसते. आणि बसतेही कशी, एकसारखी नाही. पंखा बंद करून पात्याखाली बोट फिरव, पात्याची जी कड हवा कापत पुढे जाते ना तिथे सगळ्यात जाड थर असतो, काळपट, मऊ, बोटाने ओढला तर दोरीसारखा सुटून येतो, आणि मागची कड जवळजवळ स्वच्छ. त्या दोरीला काय म्हणायचं मला आजतागायत माहीत नाही. जळमट नाही, जळमट कोपऱ्यात लोंबतं. पुट म्हणावं तर पुट पातळ असतं.

चकटफू
धूळगोंडा.

पोटमाळा
बरा आहे की. घेतला.

दंतकथा
व्यवसायाने दातांची डॉक्टर. आमच्याकडे रोजचे शब्द: मळ, थर, कीटण. दातांवर आधी जो मऊ पिवळट थर 'धरतो' तो ब्रशने निघतो. तो तसाच राहिला की लाळेतले कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार त्यात उतरतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो, त्याला कीटण म्हणतात, ते मग ब्रशने मेलं तरी निघत नाही, आमच्याकडेच यावं लागतं. पेशंट मात्र दोन्हीला घाणच म्हणतात. "डॉक्टर घाण साचलीय, काढून द्या." मी कधी कधी आरसा देऊन खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवते, कीटण सगळ्यात जास्त तिथे, कारण लाळग्रंथीचं तोंड तिथेच उघडतं. लोकांना वाटतं आतली बाजू काय, दिसत थोडीच आहे.

तुमच्या पाण्याच्या भांड्यातला पांढरा थर हा त्याचाच चुलतभाऊ. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून त्या मशीनमध्ये डिस्टिल्ड पाणी घालायला सांगतात, त्यात क्षारच नसतात तर धरणार काय.

कानामात्रा
'धरणे' माझ्या यादीतच नव्हतं! शेवाळ धरतं, बुरशी धरते, साय धरते, खपली धरते, भिंत ओल धरते. धन्यवाद डॉक्टर. पण कोण कोणाला धरतं हेच कळत नाही यात, साय दुधाला धरते की दूध साय धरतं? आम्ही दोन्ही म्हणतो.

आडवाट
'चढणे' पण घ्या. गंज चढतो, मळ चढतो, पुटं चढतात, चरबी चढते, ताप चढतो, सूज चढते, नशा चढते, व्याज चढतं.

हिशेबनीस
व्याजाचा उल्लेख झाला म्हणून आलो. आमच्या धंद्यातला सगळ्यात भारी शब्द कोणीच घेतला नाही. 'थकणे'. हप्ते थकतात, भाडं थकतं, पगार थकतो आणि त्याची होते थकबाकी. म्हणजे पैसे न देणारा ताजातवाना आणि देणं बिचारं थकलेलं. दुसरा शब्द 'चक्रवाढ', असा शब्द सुचणाऱ्याला सलाम, वाढ फिरून स्वतःवरच बसते हे दोन शब्दांत आलं. बारा टक्क्यांनी चक्रवाढ धरली तर साधारण सहा वर्षांत दुप्पट, क्लायंटला हे सांगितलं की ठेव असेल तर चेहरा फुलतो आणि कर्ज असेल तर उतरतो, आकडा तोच.

आणि 'जमा' ला एवढं झोडू नका. अरबीतून आलेला शब्द आहे, जमाखर्च, जमाव, जमात सगळे त्याच घरातले. फक्त त्याची जागा वहीत आहे, छातीत नाही. अवांतर: जमाबंदी आणि जमावबंदी यात एका 'व' चा फरक, एक महसुलाची, दुसरी पोलिसांची. नवीन लागलेला कारकून हमखास गोंधळ घालतो.

चकटफू
साठा उत्तराची कहाणी पण साठ्याचीच का हो?

खडूफळा
नाही. ते साठ. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत संपली. बसा खाली.

वैद्यबुवा
वाचतोय आणि मजा येतेय. आमच्या शास्त्रात तर हे सगळं पायरीपायरीने लावलेलं आहे. दोषाचा आधी चय होतो म्हणजे तो स्वतःच्याच जागी साठत जातो, मग प्रकोप, म्हणजे उसळतो, मग प्रशम, म्हणजे शांत होतो. आणि साठायचा ऋतू वेगळा, उसळायचा वेगळा. पित्त वर्षा ऋतूत साठतं आणि शरदात उसळतं. कफ शिशिरात साठतो, वसंतात पातळ होऊन त्रास देतो. वात ग्रीष्मात साठतो, पावसात बिघडतो. म्हणजे आज जो त्रास होतोय त्याची साठवण आधीच्या ऋतूत झालेली असते, तेव्हा पेशंटला काहीच होत नसतं त्यामुळे तो ऐकतही नाही.

हा 'चय' ज्या धातूतून आला तो 'चि', म्हणजे रचणे, गोळा करणे. संचय, संचित, चयापचय सगळे त्यातलेच. चितासुद्धा त्यातलीच, रचलेली ती चिता.

पोटमाळा
शेवटचं वाक्य सकाळी सकाळी नको होतं बुवा.

आडवाट
मला राहून राहून वाटतंय की साचण्याच्या उलट मुरणं आहे. पाणी साचतं कुठे, तर जिथे ते मुरत नाही. मुरलेलं गेलेलं नसतं पण, आत असतं. लोणचं मुरतं, माणूस राजकारणात मुरतो, आणि "कुठेतरी पाणी मुरतंय" म्हणजे काळंबेरं. मनात राग साचला तर माणूस कधीतरी भांडतो. मुरला तर भांडतच नाही, ते जास्त वाईट. आमच्या घरात दोन्ही प्रकारचे लोक आहेत, नावं सांगत नाही, ते इथे वाचतात.

गाळपेर
आडवाट +१. पण उलट एकच कशाला, प्रत्येकाचं उलट वेगळं आहे की. साचलेलं उपसतात किंवा त्याचा निचरा करतात. तुंबलेलं मोकळं करतात. बसलेलं झटकतात, पुसतात. चढलेलं उतरतं. दाटलेलं धुकं विरतं, जमलेली गर्दी पांगते. साठलेलं सरतं. धरलेलं खरवडावं लागतं.

कानामात्रा
थांबा थांबा थांबा. हेच हवं होतं मला!! म्हणजे पुस्तिकेत शब्द निवडताना पुढच्या वाक्यात त्याचं काय करायला सांगितलंय ते बघायचं, तिथून मागे यायचं. फिल्टर झटका, धुवा असं लिहिलंय म्हणजे धूळ 'बसली'. भांड्यातला थर व्हिनेगर घालून सोडवा लिहिलंय म्हणजे क्षार 'धरले'. नळीतलं पाणी काढून टाका म्हणजे 'साचलं', ते तर साचतंच, मी मशीन बघून आले, उबदार दमट हवा गार नळीतून जाते, आतून थेंब धरतात आणि नळीला जिथे झोळ पडतो तिथे खाली येऊन छोटं तळं होतं, कानाला गुळगुळ आवाज येतो. पायांवरची सूज उतरते म्हणून चढते. मस्त!

हिशेबनीस
सगळीकडे नाही चालणार. गंज चढतो पण उतरत नाही, घासावाच लागतो. आणि व्याज चढतं पण ते उतरत नाही, फिटतं. 'डोक्यावरचं कर्ज उतरलं' म्हणतात खरं, पण ते ओझं उतरतं, व्याज नव्हे.

खडूफळा
नियमाला अपवाद असतातच, नाहीतर मास्तरांना काम काय. पण कसोटी चांगली आहे. मी एक जोडतो, नुसतं क्रियापद पाहू नका, शेपूट पण बघा. 'साचलं', 'साचत गेलं', 'साचत आलं', 'साचून राहिलं', 'साचू दिलं'. मूळ शब्दात जे 'हळूहळू' आहे ते आपल्याकडे 'त गेलं' मध्ये आहे, वेगळं हळूहळू लिहायची गरजच नाही. आणि 'साचू दिलं' म्हटलं की एकदम कोणीतरी पिंजऱ्यात उभं राहतं. पेशंटच्या पुस्तिकेत 'धूळ बसू देऊ नका' असं लिहा, 'धूळ बसणे टाळावे' कोणी बोलतं का घरात?

आणि हो, जुन्या पुस्तकांत 'सांचणे', 'सांठा' असं अनुस्वारासकट सापडेल, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तसंच आहे. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. तुमच्या त्या 'संचय' मधल्या अनुस्वाराचीच ती सावली होती बुवा.

वैद्यबुवा
हे माहीत नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली.

चकटफू
वाखु साचली असती तर बुवांनी आसव काढलं असतं.

कानामात्रा
राहिलेले अवघड सांगते. एक, रक्तातला कार्बन डायऑक्साइड. हा झटकता येत नाही, उपसता येत नाही, उतरतो असंही म्हणवत नाही. दोन, छातीत/पोटात पाणी.

दंतकथा
दुसरं सोपं आहे. कुठलाही पेशंट 'पाणी साचलं' म्हणत नाही, 'छातीत पाणी झालं' म्हणतो. पू पण 'होतो' आणि गळू 'धरतं'. आपल्याकडे शरीरात गोष्टी होतात. रक्ताला मात्र खास शब्द आहे, साकळणं. मार लागून त्वचेखाली काळंनिळं पडतं ते रक्त साकळतं. दगडाला लागून अंगठ्याचं नख काळं पडलेलं असतं ना, ते. पुस्तिकेत कुठे लागला तर बघा, हल्ली सगळे 'गुठळी' लिहितात, ती पण बरोबरच आहे पण साकळणं ऐकून फार वर्षं झाली.

पहिल्याला साधं 'वाढतो' लिहा. सगळ्यालाच अलंकार नको.

आडवाट
+१. खोलीत गॅस 'कोंडतो' म्हणू शकतो, रक्तात नाही.

कानामात्रा
दोन दिवसांनी अपडेट. सगळं बदलून पाठवलं. उलट उत्तर आलं की शब्दावलीत 'बिल्डअप' ला एकच मराठी शब्द मान्य आहे, सॉफ्टवेअर अकराच्या अकरा ठिकाणी लाल करतंय, सुसंगती राखावी. मी काय केलं, शेजारच्या रकान्यात कारणं भरली. धूळ झटकतात म्हणून बसते. थर खरवडतात म्हणून धरतो. नळीतलं पाणी ओतून देतात म्हणून साचतं. सूज उतरते म्हणून चढते. कफ सुटतो म्हणून साठतो. पलीकडे जी बाई तपासणार आहे ती मराठीच आहे असं कळलं त्यामुळे आशा आहे.

हिशेबनीस
दरही अकरा शब्दांचा लावा मग.

पोटमाळा
मी कालच बोलणार होते पण राहून गेलं. आमच्या ह्यांच्याकडे तेच मशीन आहे, दीड वर्ष झालं. तुझी पाच वाक्यं त्यांना वाचून दाखवली. धुळीला मान हलवली, नळीच्या गुळगुळीला हसले, रात्री दोन वाजता उठून तीच नळी मी उभी धरून रिकामी करत असते. कफाला मात्र थांबवलं. म्हणाले, साठला काय, मी काय साठवून ठेवलाय का. 'छातीत कफ झालाय' असं लिहायला सांग.

कानामात्रा
काकांना सांगा, बदललं. बारावं लाल होईल, होऊ दे.